नायगावला शुगर पास होते

ईशान आणि गार्गी,

तुमच्या आईने माझ्या दंडावर ते बटणाएवढं यंत्र चिकटवून दिलं, तेव्हापासून माझी साखर तुम्हाला टोरोंटोत बसून दिसते. परवा शेजारी वास्तुशांतीचं जेवण होतं. मी घरी येऊन चप्पल काढतेय तोवर गार्गीचा फोन. "आजी, काय खाल्लंस? साखरेचा बाण वर गेलाय." मी म्हटलं, थोडासा शिरा. ती म्हणाली, "थोडासा नाही. आकडा खोटा नसतो, आजी."

शिरा थोडासा नव्हता, हे मान्य. पण आकडा खोटा नसतो हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी आयुष्यभर रक्तातली साखर मोजण्याचं काम केलं आहे. आकडा स्वतः खोटं बोलत नाही. पण त्याच्याकडून खोटं बोलवून घेता येतं, आणि तेही एखाद्या अत्यंत स्वच्छ, अत्यंत प्रामाणिक माणसाकडून नकळत. ही गोष्ट फोनवर सांगायला गेले तर ईशान मध्येच हसतो आणि मूळ मुद्दा राहतो. म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा.

मी तेव्हा नांदेडच्या एका खाजगी लॅबमध्ये इन्चार्ज होते. उन्हाळ्याचे दिवस होते. काउंटरवर एक गृहस्थ शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून, हात पाठीमागे बांधून उभे होते. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला बँडेज. त्यांचं नाव शिवराज आप्पा. लातूरजवळच्या रेणापूरला त्यांचं किराणा दुकान. सोबत त्यांची लेक महादेवी, नायगावला दिलेली.

"रक्त देत न्हाई," आप्पा म्हणाले.

"सकाळी दिलंत की," मी म्हटलं.

"ती चूक झाली. आता माझं नायगावचं सॅम्पल लावा. इथलं मशीन लई कडक हाय."

मी पस्तीस वर्षं लॅबमध्ये होते. मशीन बिघडलं, मशीन जुनं आहे, मशीनला कुणी विकत घेतलंय, हे सगळं ऐकलं होतं. मशीन कडक आहे हे पहिल्यांदा ऐकलं. शाळेतल्या मास्तरबद्दल बोलावं तसं ते बोलत होते.

प्रकरण असं होतं. आप्पांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली. जखम भरेना. अंगठा सुजला, मग काळा-निळा पडायला लागला. लेकीने ओढून नांदेडच्या सर्जनकडे आणलं. सर्जननी साखर तपासायला आमच्याकडे पाठवलं. फास्टिंग, म्हणजे रात्रभर काही न खाता सकाळी घेतलेल्या रक्तातली साखर, आली २५४. निरोगी माणसाची शंभरच्या आत, मधुमेह्याची एकशे तीसच्या आत पाहिजे. सर्जन म्हणाले, "आजच इन्सुलिन सुरू करा. साखर खाली आली तर अंगठा वाचेल. नाही आली तर कापावा लागेल."

आप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढून सर्जनच्या टेबलावर ठेवला. आमच्याच लॅबचा रिपोर्ट. त्याच आठवड्यातला. सॅम्पल आमच्या नायगावच्या कलेक्शन सेंटरवर घेतलेलं, तपासलेलं नांदेडलाच. फास्टिंग १२१.

"पास झालेल्या पोराला परत परीक्षेला का बसवता?" त्यांनी सर्जनलाच विचारलं. इन्सुलिनची सुई घ्यायला साफ नकार. त्याच रिपोर्टच्या जोरावर त्यांनी गोळ्याही आधीच सोडल्या होत्या.

सर्जननी मला फोन केला. "मॅडम, तुमच्याच लॅबचे दोन रिपोर्ट आहेत. मी कोणाचं ऐकू? मला उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. म्हातारा त्या नायगावच्या कागदावर अडून बसलाय, आणि अंगठा थांबणार नाही."

तर डावावर होता आप्पांचा अंगठा. आणि आमच्या लॅबचं नाक.

पहिलं काम, स्वतःचं मशीन तपासणं. आमच्याकडे रोज सकाळी कंट्रोल लावतात. कंट्रोल म्हणजे असं सॅम्पल की ज्यातली साखर आधीच माहीत असते. मशीनने तोच आकडा दिला तर मशीन ठीक. मी पुन्हा कंट्रोल लावला. बरोबर आला. आप्पांचं सकाळचं उरलेलं सॅम्पल पुन्हा लावलं. पुन्हा २५४ च्या आसपास.

आप्पा खिडकीतून बघत होते. "कितीदा लावलं तरी नापासच करून राहिलं ते," ते लेकीला म्हणाले.

"मशीन नापास करत न्हाई, आप्पा," महादेवी म्हणाली. "तुमी काल माझ्या घरी तीन वाट्या हुग्गी खाल्ली, ती नापास करून राहिली." हुग्गी म्हणजे गहू कांडून, गूळ घालून केलेली खीर. आप्पांच्या घरातला तो सणाचा पदार्थ. आप्पांना मात्र सणाची वाट बघायची सवय नव्हती.

"तू गप. रिपोर्ट पास हाय म्हणूनच खाल्ली ना!"

मी विचारलं, "आप्पा, रेणापूर कुठे, नायगाव कुठे. लातूरला लॅब काय कमी आहेत? तुम्ही रक्त द्यायला नायगावला का जाता?"

आप्पा थोडे पुढे झुकले. व्यापारातली गोष्ट सांगावी तसा आवाज बारीक केला. "बाई, नायगावला शुगर उतरते."

मग सगळं बाहेर आलं. संक्रांतीला ते लेकीकडे गेले होते. तिथे सहज रक्त तपासलं. रेणापूरला कायम दोनशेच्या वर असणारी साखर नायगावला एकशे अठरा. आप्पा परत आले आणि दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगू लागले. किराणा दुकानातून बातमी जेवढ्या वेगाने जाते तेवढ्या वेगाने तुमचं इंटरनेटही जात नाही. पुढच्या आठवड्यात रेणापूरचे दोघे गेले. तेही पास. मग लातूरचे. मग सोमवारी चक्क एक जीप ठरवून जायला लागले. कुणी म्हणे तिथल्या पाण्याचा गुण, कुणी म्हणे सेंटरसमोरच्या कडुनिंबाची सावली. एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, काही नाही, आमच्या भागात दहावीला जसं कुणी सोपं सेंटर बघून फॉर्म भरतं, तसंच हे. नायगाव हे शुगरचं सोपं सेंटर आहे.

"शिवाची आण," आप्पा डबीला हात लावून म्हणाले, "तिथं कुनीच नापास होत न्हाई."

आजारी माणूस निरोगी असल्याचा रिपोर्ट आम्ही छापत होतो, आणि लोक त्यासाठी जीप करून येत होते.

मी लॅबचे मालक, डॉक्टर साहेब, यांच्या केबिनमध्ये गेले.

"मशीन बघितलं का, मॅडम?"

"बघितलं. ठीक आहे."

"मग आप्पांना समजवा."

"आधी नायगाव समजून घ्यावं लागेल, साहेब."

"नायगावला हात लावू नका. आपलं सगळ्यात चांगलं सेंटर आहे ते. लातूरहून लोक येतात तिथं!"

"तेच म्हणतेय. लातूरला चौकाचौकात लॅब असताना लोक नायगावला का येतात?"

"विश्वास, मॅडम," साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "विश्वास."

"ते म्हणतात तिथं कुणी नापास होत नाही."

साहेब सरळ बसले.

मी आत आले. नायगावची बॅग दुपारच्या एसटीने नुकतीच आली होती. आमची टेक्निशियन शाहेदा सॅम्पल मांडत होती. इथे तुम्हाला एक शब्द सांगते. रक्त ज्या छोट्या नळीत घेतात तिला लॅबमध्ये बल्ब म्हणतात. का म्हणतात ते मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. प्रकाश पडत नाही एवढं नक्की. निरनिराळ्या तपासण्यांना निरनिराळ्या रंगाच्या झाकणाचे बल्ब असतात. साखरेसाठी राखाडी झाकणाचा, म्हणजे ग्रे बल्ब.

मी नायगावचा एक ग्रे बल्ब उचलून तिरपा केला. आतलं रक्त हललं नाही. जेलीसारखा गोळा.

"शाहेदा, हे गोठलंय."

"नायगावचं हमेशा असंच असतंय, मॅडम," ती म्हणाली. "तिकडचं खूनच गाढं. फिरवलं की वर पाणी निघतंय, तेवढं लावते मी."

"सगळ्या गावाचं रक्त घट्ट?"

शाहेदाने विचार केला. "पाण्याचा गुण असंल."

म्हणजे नायगावच्या पाण्याचा महिमा आमच्या लॅबपर्यंत पोचला होता.

ग्रे बल्बमध्ये रक्त गोठायला नको. का ते पुढे सांगते. एवढं कळलं की गडबड मशीनमध्ये नाही, बल्बमध्ये आहे. माझा अंदाज होता की नायगावला झाकणं बदलली जात असतील, लाल झाकणाच्या, म्हणजे रक्त गोठू द्यायच्या बल्बला राखाडी टोपण. तो अंदाज साफ चुकला.

मी बाहेर जाऊन आप्पांना म्हटलं, "तुमचंच खरं. इथे नको. उद्या सकाळी नायगावलाच रक्त देऊ. मी येते सोबत."

आप्पांचा चेहरा उजळला. "आता कसं बोललात!"

महादेवीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ही बाईसुद्धा गेली कामातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या गाडीतून आम्ही निघालो. आप्पा उपाशी होते आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक हॉटेलाचं नाव मोठ्याने वाचत होते.

आमचं सेंटर रस्त्याकडेला एका गाळ्यात होतं. समोर खरंच कडुनिंब होता. त्याखाली पंधरा-वीस माणसं बसलेली. त्यातली निम्मी आप्पांच्या ओळखीची.

"काय आप्पा, पुन्यांदा पेपर?" एकाने विचारलं.

"रिचेकिंग," आप्पा म्हणाले.

दुसऱ्याने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "संगं ह्या कोन? सुपरवायझर का?"

"नांदेडच्या हायत. कडक हायत."

दोघेजण उठून चहाला गेले. ते परत आले की नाही मला माहीत नाही.

गाळ्यात दोन माणसं काम करायची. एक सिस्टर रक्त काढायच्या. बाकी सगळं, म्हणजे बल्ब देणं, नाव लिहिणं, बॅग भरणं, एसटीत ठेवणं, हे गंगाधररावांकडे. पन्नाशीचे. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, नखं कापलेली, टेबलावर एक डाग नाही. फरशी अशी की मी चप्पल बाहेर काढली. एवढं स्वच्छ सेंटर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, इथे चूक होणं शक्य नाही.

मग मागच्या दाराने मी अंगणात गेले.

उन्हात एक सूप ठेवलेलं होतं. धान्य पाखडायचं असतं ते. त्यावर पांढरं मलमलचं फडकं, आणि फडक्याखाली ओळीने, पापड वाळत घालावेत तसे, ग्रे बल्ब. शेजारच्या ताटलीत राखाडी झाकणं वेगळी वाळत होती.

"हे काय, गंगाधरराव?"

"बल्ब, मॅडम. धुऊन ठेवले."

"वापरलेले?"

ते दुखावले. "आसं कसं! नवे कोरे. खोक्यातून काढलेले."

"मग धुतले कशाला?"

"आता तुमी इचारलंच म्हणून सांगतो," गंगाधरराव म्हणाले, "कंपनी लई खराब माल पाठवून राहिली. लाल झाकणवाले साफ येतात. पन ह्या राखाडीच्या बुडाला पांढरी पूड ऱ्हाते. सगळ्याच. एकबी बिगर पुडीचा न्हाई. मी म्हणलं, तक्रार करत बसण्यापरीस आपन धुवून घ्यावं. आधी नळाचं पानी, मग उकळलेलं, मग ऊन. लॅबच्या इज्जतीचा सवाल हाय."

मी तिथल्या पायरीवर बसले.

ती पूडच तर ग्रे बल्बचा जीव असते.

"गंगाधरराव, तुम्ही याआधी कुठे होता?"

"दूध डेअरीत. कलेक्शन सेंटरवर. साहेबांनी इंटरव्ह्यूला इचारलं, कलेक्शन सेंटरचा अनुभव हाय का? म्हणलं, अख्खी उमर त्यातच गेली."

बघा, मुलांनो, एक शब्द. साहेबांच्या डोक्यात रक्ताचं कलेक्शन, गंगाधररावांच्या डोक्यात दुधाचं. दोघेही खरं बोलले आणि नोकरी पक्की झाली. डेअरीत सॅम्पलच्या बाटलीच्या बुडाला पूड दिसली तर तिचा एकच अर्थ. भेसळ. चेअरमन बाटली उन्हाकडे धरून बघायचे आणि पूड दिसली की सगळ्यांसमोर आई-बाप काढायचे. शिवाय बाटली नीट धुतली नाही की दूध नासतं. त्या शिस्तीत तयार झालेला माणूस आम्ही रक्तावर बसवला, आणि पूड काय असते हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. घाण दिसल्यावर विचारत बसतात का, धुतात.

तोपर्यंत आप्पा लंगडत मागे आले होते. "काय झालं? पानी इथलंच ना?" ते सुपाकडे बघत म्हणाले. "ह्याच पान्याचा गुण."

मला आता आप्पांना समजवायचं होतं. ग्लायकोलिसिस हा शब्द मी एम.एस्सी.ला तोंडपाठ केला होता. रेणापूरच्या किराणा दुकानदारासमोर त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"आप्पा, दुकानात साखरेचं पोतं ठेवता. त्याला काय लागतं?"

"मुंग्या. दुसरं काय?"

"आणि मग?"

"पावडर टाकतो ना पोत्याच्या भवती. मुंग्यांची."

"नाही टाकली तर?"

"खातात की. पोतं गोदामातून दुकानात येईस्तोवर कमी भरतं."

"रक्ताचंही तसंच. रक्तात बारीक पेशी असतात. रक्त अंगातून काढलं तरी त्या जिवंतच असतात, आणि त्यांना भूक लागते. समोर साखर, तीच खातात. ऊन असलं की जास्त खातात. बल्बमधली पांढरी पूड म्हणजे त्यांची पावडर. तिने त्यांचं खाणं बंद होतं, आणि रक्त गोठतही नाही. गंगाधररावांनी पूड धुऊन टाकली. सकाळी काढलेलं रक्त दुपारच्या एसटीची वाट बघत इथे बसतं, मग उन्हातून नांदेडला येतं. तोवर पेशी खात बसतात."

आप्पांनी सुपातला एक बल्ब उचलून त्याचं बूड बघितलं. व्यापारी माणूस. घट म्हणजे काय ते मी त्यांना शिकवायची गरज नव्हती.

"म्हंजी साखर माझ्या अंगातून उतरली न्हाई," ते म्हणाले. "एसटीत उतरली."

"हो."

"आन पोतं?"

"पोतं भरलेलंच आहे, आप्पा. तुमच्या अंगात."

महादेवीने कपाळावर हात मारला. "म्हंजे मी ह्या रिपोर्टावर हुग्गी वाढली."

पण आप्पा इतक्या सहज मानणारे नव्हते. "हे झालं तुमचं बोलणं. काट्यावर दाखवा."

मलाही तेच हवं होतं. सिस्टरनी आप्पांच्या हातातून एकाच सुईने रक्त घेतलं. अर्धं गंगाधररावांच्या धुतलेल्या बल्बमध्ये, अर्धं मी नांदेडहून आणलेल्या पुडीच्या बल्बमध्ये. गंगाधरराव दुसरा बल्ब हातात घ्यायला तयार नव्हते. बुडाची पूड बघून त्यांच्या अंगावर काटा येत होता. मी सांगितलं, रोज जसं करता तसंच करा. दोन्ही बल्ब त्याच बॅगेत, त्याच जागी, त्याच दुपारच्या एसटीने. मी घाई करून गाडीतून नेले असते तर परीक्षा खरी झाली नसती. आप्पांनी दोन्ही बल्बवर स्वतःच्या हाताने सही केली. अदलाबदल नको.

दुपारी बॅग नांदेडला आली. लॅबमध्ये आप्पा, महादेवी, डॉक्टर साहेब, मी, सगळे शाहेदाच्या मागे उभे. गंगाधररावही बॅगेसोबत एसटीने आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना राहवलं नाही.

साखरेची तपासणी कशी होते ते सांगते. रक्त गोल फिरवून वरचा पिवळा द्रव वेगळा करतात. तो एका औषधात टाकला की गुलाबी रंग येतो. साखर जितकी जास्त, तितका गुलाबी गडद. मशीन तो रंग मोजून आकडा देतं. मी शाहेदाला म्हटलं, मशीनला आधी देऊ नकोस. आप्पांना रंग बघू दे.

दोन काचेच्या नळ्या स्टँडवर ठेवल्या. थोड्या वेळाने एकीत फिकट गुलाबी, कपभर पाण्यात थेंबभर सरबत टाकावं तसा. दुसरीत गडद, जांभळटाकडे झुकणारा.

"फिका कोनचा?" आप्पांनी विचारलं.

"धुतलेला."

"गडद?"

"पुडीचा. तुमचा खरा."

मशीनने आकडे दिले. धुतलेला १४३. पुडीचा २४९. एकाच माणसाचं, एकाच सुईतलं रक्त.

गंगाधरराव खाली बघत होते. "म्हंजे मी रोज लोकांची..." ते म्हणाले आणि थांबले.

मी म्हटलं, "गंगाधरराव, तुमच्याइतकं स्वच्छ सेंटर आमच्याकडे एकही नाही. यापुढे थोडं कमी स्वच्छ ठेवा."

आप्पांनी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या. मग लेकीकडे वळले. "चल. सर्जनकडं."

"सुई घेताव का?"

"घेतो."

"आन हुग्गी?"

"तू जखमेवर मीठ नको चोळूस, महादेवी."

"मीठच चोळते. साखर बंद हाय."

इन्सुलिन त्याच संध्याकाळी सुरू झालं. अंगठ्याचं नख गेलं, थोडी कातडी गेली. आप्पा बरेच दिवस एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात फडकं बांधून दुकानात बसत होते. पण सर्जनला सुरी काढावी लागली नाही.

आम्ही नायगावला तपासून घेतलेल्या सगळ्यांना फोन करून बोलावलं आणि पुन्हा फुकट तपासणी करून दिली. यात डॉक्टर साहेबांनी कसूर केली नाही, हे सांगायला हवं. लोक मात्र खूश नव्हते. मला वाटलं होतं आभार मानतील. हेडमास्तर तर भांडले. "एकदा निकाल जाहीर झाल्यावर तुम्हाला तो रद्द करता येत नाही," ते म्हणाले. त्यांची खरी साखर आली २९०. मग ते बसले आणि पाणी मागितलं.

त्यानंतर नायगावची गर्दी ओसरली. कडुनिंबाखाली पाच-सहा माणसं. सोमवारची जीप बंद. लातूरकडे बातमी गेली की नायगाव सेंटर आता कडक झालंय. साहेब एकदा उसासा टाकून म्हणाले, "सगळ्यात चांगलं सेंटर होतं."

"आता झालंय, साहेब," मी म्हटलं.

गंगाधररावांना आम्ही नांदेडला बोलावून पूर्ण ट्रेनिंग दिलं. ते पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिले. बल्ब घेताना ते रोज पूड आहे की नाही हे उन्हाकडे धरून बघत. डेअरीची सवय, फक्त अर्थ उलटा झाला. त्यांनी मला नंतर एक गोष्ट सांगितली. एक म्हातारे गृहस्थ सेंटरवर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "जुना धुतलेला बल्ब हाय का एखादा शिल्लक?"

गंगाधरराव म्हणाले, "काका, त्याचा रिपोर्ट खोटा येतो."

"ठावं हाय. मला न्हाई, सुनंला दाखवायचाय. तिनं गुलाबजाम बंद केलेत."

तर गार्गी, तुझ्या फोनवर आकडा येतो तेव्हा आधी हे विचार की तो कुठून आला, कशातून आला आणि वाटेत किती वेळ उन्हात बसला. या तिन्हीची उत्तरं नीट असली तरच त्याच्यावर विश्वास ठेव. तुमचं हे बटण दंडावरच असतं, त्याला एसटीने यावं लागत नाही, म्हणून शिऱ्याच्या बाबतीत मी तुझं ऐकलं. बाकी आयुष्यात मला चुकीचे आकडे आळशी माणसांकडून कमी आणि चांगलं करायला निघालेल्या माणसांकडून जास्त मिळाले. आळशी माणूस निदान पूड धूत नाही.

आता काय उरलंय ते सांगते. ती लॅब राहिली नाही, नायगावच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे. सूप गंगाधररावांच्या घरी तांदूळ पाखडायला परत गेलं. रेणापुरात कुणाच्या पोराला जरा जास्तच मार्क पडले की लोक अजून विचारतात, बल्ब धुतलेला नव्हता ना? आप्पा आता फार थकलेत, गल्ल्यावर मुलगा बसतो. पण अंगठा जागेवर आहे. महादेवीची जीभही.

तुमची,
आजी